परत आलेल्या मुलांचे आईबाप

दहावीचा निकाल लागला, की नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव आणि थेट यवतमाळपर्यंतच्या गावांतून लातूरकडे माणसांचा एक ओघ सुरू होतो. बसमधून उतरणाऱ्या मुलाच्या पाठीवर दप्तर असते, बापाच्या खांद्यावर गादीची वळकटी असते आणि पुष्कळदा आईच्या हातात गॅसची लहान शेगडी असते; कारण मुलाच्या जेवणाची आबाळ होऊ नये म्हणून पुढली दोन वर्षे तीही भाड्याच्या खोलीत राहणार असते. गावाकडचे शेत, म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे हे सारे बापाच्या गळ्यात पडते. नांदेडमध्येही आता याहून वेगळे चित्र नाही. दोन वर्षांनी वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो आणि चौकाचौकांतील फलकांवर यशस्वी मुलांची छायाचित्रे झळकतात; त्यांना पेढा भरविणारे आईबापही त्यांत असतात. वर्तमानपत्रांतही ती छापून येतात, आणि वर्तमानपत्रांना त्या जाहिरातींचे उत्पन्न मिळते, हेही येथेच नोंदविलेले बरे.

या छायाचित्रांत न येणारे आईबाप निराळे. त्यांचे मूल दिवाळीच्या सुटीत घरी येते आणि परत जावयास नकार देते. किंवा ऐन फेब्रुवारीत खोलीमालकाचा फोन येतो, की मुलगा चार दिवसांत दाराबाहेर आलेला नाही, मेसचा डबा तसाच पडून आहे आणि रात्री तो कोणाशी तरी बोलत असतो. बाप मिळेल त्या गाडीने जातो, खोलीचा हिशेब चुकता करतो आणि मुलाला घेऊन येतो. गावात सांगितले जाते, की त्याला कावीळ झाली आहे. त्या दिवसापासून त्या घरात जे सुरू होते, त्याची नोंद शाळा ठेवत नाही, शिकवणी वर्ग ठेवत नाही आणि सरकारही ठेवत नाही. मुलाच्या आजाराविषयी अलीकडे निदान बोलले जाते. त्या आजारासोबत चोवीस तास राहणाऱ्या दोन माणसांचे काय होते, हा प्रश्न मात्र अजून कोणी विचारलेला नाही.

लातूरने शिक्षणात जे केले त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्याच्या बरोबरीने दयानंद महाविद्यालयाने जी शिस्त आणि सरावाची पद्धत घालून दिली, तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. निजामी राजवटीत ज्या प्रदेशाला शिक्षणापासून दूर ठेवले गेले, त्या प्रदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, कारकुनाचा मुलगा पुण्या-मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने वैद्यकीय महाविद्यालयात बसू लागला, ही लहान गोष्ट नव्हती. पुढे या पद्धतीच्या भोवती खासगी शिकवण्यांची, वसतिगृहांची आणि मेसची एक मोठी पेठ उभी राहिली. पेठेचा स्वभाव असा, की तिला विकल्या गेलेल्या मालाचा हिशेब ठाऊक असतो. परत आलेल्या मालाशी तिला कर्तव्य नसते. मुलांच्या बाबतीत हा शब्दप्रयोग कठोर वाटेल, पण व्यवहार तसाच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरोच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. आधीच्या वर्षीही महाराष्ट्रच पहिला होता. कोटा शहराचे नाव या संदर्भात देशभर घेतले जाते आणि महाराष्ट्र त्याकडे परक्या दुःखाप्रमाणे पाहतो. वास्तविक आपल्याच घरचा आकडा मोठा आहे. तरीही हे आकडे मरण पावलेल्यांचे आहेत. जी मुले जिवंत परतली, ज्यांचे शिक्षण थांबले, जी औषधे घेत आहेत किंवा घेत नाहीत, त्यांचा आकडा यात नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने देशातील मानसिक आजारांची मोठी पाहणी केली. तीत बारा राज्ये घेतली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी सात टक्क्यांहून अधिक मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्या पाहणीत आढळले आणि सर्व वयांचा विचार करता बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचेही दिसून आले. हे प्रमाण मराठवाड्यास लावून पाहिले तरी प्रत्येक तालुक्यात किती घरे या चिंतेने ग्रासलेली असतील याची कल्पना येईल.

या आजारांचे वय हाच आईबापांच्या दुःखाचा गाभा आहे. मानसिक विकारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विकार वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत सुरू होतात, असे संशोधन सांगते. म्हणजे ज्या वयात मूल हाताशी येईल अशी आशा असते, नेमक्या त्याच वयात ते हातचे जाऊ लागते. जन्मतः अपंग असलेल्या मुलाचे आईबापही फार सोसतात. परंतु ज्या मुलाने दहावीला पंच्याण्णव टक्के मिळविले, वक्तृत्वाची ढाल आणली, त्याला अंघोळीसाठीही विनवावे लागते हे पाहणे हा वेगळा घाव आहे. तो मुलगा समोर बसलेला असतो आणि तरीही तो हरवल्याचे दुःख आईला होत असते. या दुःखाला कोणी भेटावयास येत नाही. घरात मृत्यू झाला तर दहा दिवस गाव बसावयास येते; येथे मात्र आले-गेले कमी होत जातात.

पहिले काही महिने नाव शोधण्यातच जातात. आधी तो आळस ठरतो, मग मोबाइलचे वेड, मग वाईट संगत. त्यानंतर कोणी तरी ‘बाहेरचं’ असल्याचे सुचविते आणि वाट गाणगापूरकडे वळते. नांदेड-लातूरच्या पट्ट्यातील किती कुटुंबे दवाखान्याच्या आधी गाणगापूरची पायरी चढली असतील याची गणती नाही. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पदवीधर शिक्षकही तेथे जातो आणि त्याचे कारण केवळ अंधश्रद्धा नव्हे. बाधा असेल तर दोष बाहेरचा असतो. मुलाचा नसतो आणि आईबापांचाही नसतो. डॉक्टरांनी दिलेल्या नावात तो दिलासा नसतो. शिवाय देवस्थानात तशाच अवस्थेतील दुसरी मुले आणि त्यांच्या आया भेटतात, आणि आपण एकट्याच नाही हे त्या बाईला तेथे प्रथम कळते. जे काम रुग्णालयाने करावयास हवे ते देवळाची ओसरी करते. याचा अर्थ औषधावाचून तेथे वर्षे घालवावीत असा नव्हे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानास आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. अशा ठिकाणी माणसे सोडून जाणारे नातेवाईक सगळेच निर्दय असतात असे नाही. ते बहुधा थकलेले असतात.

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर बसलेली माणसे पाहिली, तर तोंडाला रुमाल बांधलेला बाप हमखास दिसतो. त्याची भीती धुळीची नसते. घरात धाकटी मुलगी लग्नाची असते. सोयरिकीत ‘घराण्यात वेड आहे’ एवढे एक वाक्य तिच्या आयुष्याला पुरेसे असते. म्हणून लातूरचा माणूस नांदेडला दाखवावयास येतो, नांदेडचा हैदराबादला जातो आणि परभणीचा छत्रपती संभाजीनगरला. या आडवळणाच्या प्रवासात पैसा जातो, मजुरी बुडते, आणि दर वेळी डॉक्टर बदलल्यामुळे उपचारात सलगता राहत नाही. कचेरीत रजेच्या अर्जावर पाठदुखी लिहिली जाते. खोटे बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला रोज लहानसहान खोटे बोलावे लागणे, हाही एक आजारच होऊन बसतो. आईचे हाल याहून अधिक. मुलगा रात्री झोपत नाही म्हणून ती झोपत नाही. तो एकटा राहू नये म्हणून ती हळदीकुंकवाला, लग्नाकार्याला, माहेरी जात नाही. आणि सासरचे लोक तिच्याच माहेरच्या रक्तात खोट काढतात.

दोष आईवर टाकण्याची ही रीत केवळ आपल्या खेड्यापाड्यांची आहे असे मात्र समजू नये. विद्वानांनीही ते केले आहे. १९४८ साली अमेरिकेतील फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी मुलांत स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी एक कल्पना मांडली आणि पुढची दोन-तीन दशके तिकडच्या रुग्णालयांत आयांना गुन्हेगाराप्रमाणे वागविले गेले. स्वमग्न मुलांच्या आयांना ‘बर्फासारख्या थंड’ ठरविण्यात आले. पुढे या साऱ्या उपपत्ती टिकल्या नाहीत. आनुवंशिकता, मेंदूतील बदल, बाळपणातील आघात, व्यसने, परिस्थितीचा ताण अशा अनेक गोष्टींच्या गुंत्यातून हे आजार उद्भवतात हे आता सर्वमान्य आहे. पण विज्ञानाने मागे घेतलेला आरोप समाज मागे घेत नाही. लातूरच्या संदर्भात तो नव्या वेषात येतो: आईबापांच्या हव्यासाने मुलाचे हे झाले, असे बाहेरचे लोक म्हणतात आणि आईबाप स्वतःही म्हणतात.

या आरोपात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. मुलाला चित्रकलेची आवड असताना त्याला जीवशास्त्राला बसविणारे, दर रविवारच्या चाचणीचे गुण फोनवर मागणारे, चुलतभावाचे उदाहरण देणारे पालक सर्वत्र आहेत. परंतु हव्यास हा शब्द येथे फार स्वस्तात वापरला जातो. पाच एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीनचा बेभरवशाचा भाव, आणि २०१६ साली ज्या शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले त्या भागातील पाऊसमान, हे ज्याच्या वाट्याला आले आहे त्या बापाने मुलाला शेतीतून बाहेर काढण्याचा निश्चय केला, तर त्याला हव्यास म्हणावयाचे की शहाणपण? सरकारी नोकऱ्या आटल्या, प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, कारखाने मराठवाड्याच्या एका टोकाला एकवटले. उरलेली एकच वाट समाजाने प्रतिष्ठित ठरविली आणि मग त्या वाटेवर गर्दी झाली म्हणून चालणाऱ्यालाच बोल लावला. शिवाय पुष्कळ मुलांचा आजार शिकवणी वर्गात गेली नसती तरीही उद्भवला असता. कोणत्या मुलाच्या बाबतीत काय घडले असते हे कोणताही डॉक्टर निश्चयाने सांगू शकत नाही. आईबाप मात्र रोज रात्री त्याचाच निवाडा करीत बसतात आणि निकाल दर वेळी स्वतःविरुद्ध देतात.

कुटुंबाला गुन्हेगार न मानता सहकारी मानण्याचा पहिला मोठा प्रयोग भारतातच झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांत राहावयास बोलाविले. ते त्यांच्याशी संध्याकाळी बोलत, आजार म्हणजे काय हे त्यांच्या भाषेत समजावून सांगत. घरी परत जाणारा रुग्ण समजूतदार माणसांत परत जात असे आणि त्या माणसांचीही मनावरची धोंड उतरलेली असे. नंतर वेलोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आणि बंगळूरलाही कुटुंबासह राहण्याची सोय झाली. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलले जाते, किंवा उलट त्याच्याभोवती श्वासही घेऊ न देणारी काळजी केली जाते, तेथे आजार लवकर उलटतो. १९८७ साली चंडीगढ येथील अभ्यासात भारतीय घरांत, विशेषतः खेड्यांत, ही टोचणी लंडनपेक्षा कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत आग्र्याचे रुग्ण पाश्चात्त्य शहरांतील रुग्णांहून बरे सुधारल्याचे दिसले होते. त्याच्या कारणांविषयी वाद असला, तरी कुटुंबाचा आधार हे एक कारण मानले जाते.

या अभिमानास्पद निष्कर्षाचा परिणाम मात्र विपरीत झाला. कुटुंब सांभाळतेच आहे, तर शासनाने कशास काही करावे, अशी एक सोयीस्कर समजूत रूढ झाली. तंबू गेले आणि बापाच्या हाती फक्त औषधांची चिठ्ठी उरली.

ज्या १९८२ साली लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला, त्याच वर्षी देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९९६ साली त्याला जिल्हा कार्यक्रमाचे रूप आले. महाराष्ट्रातील ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चारही जुनी मनोरुग्णालये ब्रिटिश अमदानीतील आहेत. मराठवाडा त्या अमदानीत नव्हता आणि पुढे १९५६ साली मुंबई राज्यात आल्यावरही त्याच्या वाट्याला असे रुग्णालय आले नाही. जालन्यास ते उभारण्याचा निर्णय अलीकडे झाला, त्यासाठी सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावांची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये हाच गरीब कुटुंबांचा खरा आधार. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही पडत नाही, तेव्हा तेथील बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णासाठी किती मिनिटे मिळत असतील हे सांगावयास नको. त्या मिनिटांत आईला ‘तुम्ही झोपता का?’ असे विचारले जाईल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

या भागाला याची जाणीव पूर्वी एकदा झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गाडली गेली, आणि धान्य, कापड, पत्रे यांच्या पाठोपाठ मनाचे डॉक्टरही त्या खेड्यांत आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. मुले गमावलेल्या आया वर्षानुवर्षे झोपत नाहीत, बाप बोलेनासे होतात, हे तेव्हा सर्वांना पटले. कारण पडलेली घरे डोळ्यांना दिसत होती. आता घर उभे असते, म्हणून आतली पडझड कोणाला पटत नाही.

कायद्याच्या बाजूने गेल्या काही वर्षांत बरेच घडले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने उपचार हा हक्क मानला; आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला न चालविता तिच्या उपचारांची तजवीज सरकारने करावी असे सांगितले; विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराहून वेगळे लेखू नये असेही बजावले. पुढे १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिले नाही. तरीही असा प्रसंग ओढवलेल्या घरात पहिली भीती फौजदाराचीच असते आणि त्या भीतीपोटी मुलाला रुग्णालयात नेण्यास उशीर होतो. कायदा बदलला आहे एवढे वाक्य प्रत्येक शाळेच्या शिक्षकाला ठाऊक असले, तर काही जीव वाचतील. टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि रुग्णानेच बोलावे अशी अट नाही, आईबापांनीही बोलावे.

याच कायद्यात एक तरतूद अशी आहे, की अठरा वर्षांखालील मुलाला मानसोपचारासाठी दाखल केले, तर पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने तेथे पूर्ण काळ त्याच्यासोबत राहिले पाहिजे. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूस हवे. मुलाच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. पण तीन आठवडे रुग्णालयात राहणाऱ्या शेतमजूर आईची मजुरी कोण देणार, तिने कोठे झोपावे, तिच्या जेवणाचे काय, यावर कायदा मौन पाळतो. नोकरदाराची स्थिती थोडी बरी. राज्य शासनाने २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा मान्य केली; ती मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत मिळते. मनाचे गंभीर आजार पुष्कळदा अठराव्या वर्षाच्या आगेमागे सुरू होतात. म्हणजे मुलाच्या गोवरासाठी रजा आहे आणि एकोणीस वर्षांच्या मुलाजवळ रात्रंदिवस बसावे लागते तेव्हा ती संपलेली असते. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना महागाई भत्त्यासाठी जेवढ्या आवेशाने लढतात, त्याच्या दशांश आवेशाने हा प्रश्न त्यांनी हाती घेतला, तर तो सुटण्यासारखा आहे. कारण यात शासनाचा फार मोठा पैसा गुंतलेला नाही.

शिकवणी वर्गांना मात्र अधिक स्पष्ट जाब विचारावयास हवा. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मुलाने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे म्हटले आहे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, आणि पालकांसाठीही नियमित प्रबोधन व्हावे. प्रबोधन म्हटले की आपल्याकडे एखाद्या वक्त्याचे ‘यशस्वी पालक कसे व्हावे’ हे व्याख्यान ठरते आणि शेवटी सर्वांना चहा मिळतो. ज्या बापाचे मूल घरी परतले आहे तो त्या सभेला येत नाही. त्याला व्याख्यानापेक्षा भरलेल्या शुल्कातील लाखभर रुपये परत मिळाले तर उपचाराला उपयोगी पडतील. शुल्कवापसीचा हा नियम पाळला जातो किंवा नाही, हे तपासण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांनी अंगावर घ्यावे. मुलाचा आजार सिद्ध करण्याची सक्ती न करता घ्यावे.

पैशाने भागणार नाही असा भाग उरतोच. तो भाग इतर ठिकाणी आईबापांनीच एकत्र येऊन उचलला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी, ज्यांची मुले स्किझोफ्रेनियाने आजारी होती अशा दोन आया जेवणाच्या टेबलाशी भेटल्या आणि त्यांतून १९७९ साली जी संघटना उभी राहिली ती आज त्या देशभर पसरलेली आहे. मराठी उदाहरणही आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांना पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा दीर्घ अनुभव होता. परदेशात रुग्णांच्या कुटुंबीयांना एकमेकांचा जो आधार मिळतो, तो मायदेशी मिळावा म्हणून त्यांनी पुण्यात ‘सा’ ही संस्था स्थापन केली. याच विषयावरचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट त्यांच्या प्रयत्नांतून २००४ साली निघाला. त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही मध्यवर्ती आहे. अशा संस्थांत शुभार्थी आणि शुभंकर असे दोन शब्द वापरले जातात: पहिला आजाराशी झुंजणाऱ्यासाठी, दुसरा त्याची काळजी घेणाऱ्यासाठी. मराठीत या दुसऱ्या माणसाला तोवर नावच नव्हते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांत महिन्यातून दोन शनिवारी दुपारी एक खोली, दहा-बारा खुर्च्या आणि एक समाजसेवा अधीक्षक एवढे मिळाले, तरी अशा बैठका सुरू होऊ शकतील. दारावर पाटी ‘पालक भेट’ एवढीच असावी. डॉ. विद्यासागरांनी तंबूत केले ते याहून फार निराळे नव्हते. औषध किती दिवस द्यावयाचे, मुलगा गोळ्या थुंकतो तेव्हा काय करावे, त्याला रागावावे की नाही, धाकट्या बहिणीला किती सांगावे, हे डॉक्टरांपेक्षा सात वर्षे हेच करणारी दुसरी आई अधिक नेमके सांगू शकते. आणि महत्त्वाचे म्हणजे अमुक मुलगा आता दुकानात बसतो, अमुक मुलीने मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी केली, हे तिला तेथेच कळू शकते. बरे होणे म्हणजे डॉक्टर होणे नव्हे, हे समजण्यास त्या घरांना बराच काळ लागतो, आणि एकट्याने तर फारच लागतो.

साठीला आलेल्या आईबापांच्या मनात याहूनही वेगळी एक चिंता असते. आपल्या पश्चात याचे काय? शेतकऱ्याजवळ याचे उत्तर भावाभावांतील समजुतीपलीकडे नसते आणि ती समजूत सुना आल्यावर टिकेलच असे नाही. जुन्या निवृत्तिवेतन नियमांखालील सरकारी नोकरांसाठी, शिक्षकांसाठी मात्र एक उत्तर आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत, मनोविकृतीमुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आईबापांमागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक बिकट आहे. पण आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या पुष्कळांना जुना नियम लागू आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि शहाणपण याच्यात आहे, की मुलाच्या आजाराची नोंद नोकरीत असतानाच कार्यालयात करून ठेवावी. ही नोंद फार थोडे लोक करतात. अर्ज एका पानाचाच असतो; पण तो ज्या मेजावर जाऊन पडतो तेथे बसणारा सहकारी बहुधा त्याच गल्लीत राहत असतो, आणि म्हणून भरलेला अर्ज वर्षानुवर्षे घरच्या कपाटातच राहतो.